मागं बसणारी

१

जयपूरच्या वैशाली नगरातल्या त्या घरात सकाळ ठरल्यासारखी उलगडायची. आधी कुकर, मग खालून भाजीवाल्या भैयाची आरोळी, मग किल्ली सापडत नाही म्हणून सावनीची धावपळ, आणि सगळ्यात शेवटी दाराशी श्रेयसचा आवाज, "आज्जी, येतो गं."

"ये," अनुसया म्हणायची. जिथं असेल तिथून. कणकेत हात असले तरी, देवापुढं बसलेली असली तरी, तोंडात मिश्री असली तरी.

रीत तिनंच लावलेली. निघताना माणसानं "जातो" म्हणू नये. जातो म्हणून जातं ते परत न येणारं. येतो म्हणावं, घरात राहणाऱ्यानं ये म्हणावं, म्हणजे वाटेला दोन्ही बाजूंनी गाठ बसते. श्रेयस लहान असताना एकदा खेळायला पळता पळता "जातो" म्हणाला होता, तेव्हा तिनं त्याच्या ओठांवर चापट मारली होती. पुढं तो इतका पक्का झाला की दुकानातून निघताना वाण्यालाही येतो म्हणायचा, आणि तो वाणी, मराठीचा गंध नसलेला, हसून मान डोलवायचा.

अनुसया मूळची कोरेगावकडची. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. लेक संग्राम फौजेत सुभेदार. त्याची जयपूरच्या छावणीत बदली झाली, सून कौमुदी इथल्या शाळेत शिकवायला लागली, आणि घरात एकट्या पडणाऱ्या पोराजवळ बसायला म्हणून अनुसया आली. पुढं लेक-सून पेन्शन घेऊन गावाला गेली. नातू इथंच शिकला, इथंच कॉम्प्युटरच्या नोकरीला लागला, पुण्याची सावनी त्यानं आपल्या हापिसातच शोधली. म्हातारी मात्र राहिली. विचारलं तर म्हणायची, "गावाकडं पावसाळ्यात गुडघं रडत्यात. हितली हवा सुकी हाय, गुडघं गप बसत्यात." खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. त्या पोराच्या मागं बसून तिनं त्याला मोठं केलं होतं, आणि मागं बसायची सवय सुटत नाही.

२

श्रेयसला एक नाद होता. इंटरनेटवर काही माणसं जमतात, देशोदेशीची, आणि लहानपणी खेळलेले कॉम्प्युटरचे खेळ एकमेकांना शोधून देतात. खेळाचं नाव आठवत नसतं. आठवतं ते भलतंच. कुणी लिहितो, निळी गाडी होती, पुलावरून पडली की ढोलकीवर थाप पडल्यासारखा आवाज यायचा. एवढ्यावरून श्रेयस खेळ हुडकून काढायचा. गावात कुणाची म्हैस हरवली की खुराच्या ठशावरून माग काढणारा एक असतोच, तसा तो त्या माणसांमधला माग काढणारा होता.

पण त्याचा स्वतःचा एक खेळ त्याला सापडत नव्हता. छावणीतलं एक कुटुंब बदली होऊन जाताना आपला जुना कॉम्प्युटर यांच्याकडं देऊन गेलं होतं, त्यात तो आधीपासून होता. दिवाळीनंतर एका रविवारी अनुसया गच्चीत उन्हाला बसून मटार सोलत होती, तर हा येऊन शेजारी मांडी घालून बसला.

"आज्जी, तुला तो घराचा गेम आठवतो?"

"न आठवायला काय झालं. मागं कोण बसायचं मग?"

ज्याला लिहून ठेवता येत नाही त्याला विसरून चालत नाही. अनुसयाचं तसंच होतं. त्या खेळात एकही अक्षर नव्हतं, म्हणून तर तो तिला आवडायचा. ती सांगत गेली आणि मटाराचे दाणे पातेल्यात पडत गेले. "निळं घर. दिवेलागणीला असतंय तसलं निळं. आधी ओसरी, मग कोठीची खोली, मग एक खोली नुसतीच रिकामी, तिथं पाऊल टाकलं की तांब्यात खडा पडावा तसा वाजायचं. त्यो बारका पोरगा वात हुडकायचा, तेल हुडकायचा, काडी हुडकायचा. दिवा लावायचा असायचा त्याला."

"आणि शेवटी?"

"शेवटी दार. दारात बाई बसलेली. डोक्यावर पदर, तोंड न्हाई दिसायचं. तू जवळ गेलास की ती मान वर करायला लागायची, आणि तेवढ्यात तू खेळ बंद करायचास. भ्यायचास."

"मी नाही भ्यायचो."

"भ्यायचास, आणि भ्यायलास तरी रीत सोडायचा न्हाईस. बंद करताना तिला म्हणायचास, येतो हां."

दोघं हसली. श्रेयसनं तिथंच बसून, म्हातारीच्या तोंडचं सगळं मोबाइलवर लिहून त्या लोकांकडं धाडलं. वात, तेल, तांब्यातला खडा, दारातली बाई. म्हातारीच्या रडण्याचं काही लिहिलं नाही. त्याला ते माहीतच नव्हतं.

३

खेळ सापडला. परदेशातल्या कुण्या माणसानं नाव सांगितलं, नुसतं नाव नाही, अख्खा खेळच पाठवून दिला. श्रेयस संध्याकाळी घरी आला तो बूट न काढताच मागच्या खोलीत गेला.

"आधी चहा तरी घे," सावनी म्हणाली.

"बावीस वर्षं थांबलोय, यार."

"मग अजून पाच मिनिटं थांब. तो खेळ म्हातारा झालाय, पळून जाणार नाही."

जेवणं झाल्यावर तिघंही पडद्यासमोर जमली. तेच निळं. तीच ओसरी. रिकाम्या खोलीत पोरगं शिरलं आणि तांब्यात खडा वाजला, तेव्हा अनुसयाच्या अंगावर काटा आला, पण तो चांगला काटा होता, जुनं माणूस भेटल्यावर येतो तसा. श्रेयसनं वात घेतली, तेल घेतलं, काडी घेतली. मग दार आलं.

दारात कुणी नव्हतं.

"अरे," श्रेयस म्हणाला. त्यानं पोराला दाराशी नेलं, मागं आणलं, पुन्हा नेलं. पोरगं दिवा लावून दारातून बाहेर गेलं आणि खेळ संपला.

"तो माणूस हेच म्हणत होता. म्हणे, गेम हाच, पण यात बाई नाही. घरात कुणीच नाही, कधीच नव्हतं. बाकीच्या चार जणांनीही तेच लिहिलंय. ज्यांनी ज्यांनी खेळलाय त्यांच्यापैकी कुणाला बाई आठवत नाही."

"लहानपणी माणूस काहीही बघतं," सावनी म्हणाली. "मला आमच्या फ्रिजमध्ये वाघ दिसायचा."

"मी एकटा कुठं? आज्जीनं पण पाहिलीये."

 अनुसया पडद्यावर वाकून दाराचा उंबरा बघत होती. उंबऱ्याला लागून जमिनीचा एक तुकडा बाकीच्या निळ्यापेक्षा उजळ होता. शेणानं सारवलेल्या जमिनीवर रोज एकाच जागी पाट मांडला की तेवढी जमीन जशी वेगळी दिसते तशी.

रंग उडाला असंल, तिनं मनाशी म्हटलं. जुनी वस्तू हाय. पण ती जागा रंग उडाल्यासारखी नव्हती. कुणीतरी तिथून उठून गेल्यासारखी होती.

४

श्रेयस रोज खेळायला लागला. हापिसातून आला की मागची खोली. म्हणायचा, बाई कुठल्या तरी खोलीत असणार, आपल्याला वाट चुकतीये. जेवायला तीन हाका लागायच्या. जेवताना घास हातात धरून बसायचा.

एकदा दुपारी, सुट्टीचा दिवस होता, अनुसया गच्चीवरून वाळलेली मेथी घेऊन खाली आली, तर तो खोलीतून बाहेर येत होता. चेहरा मोकळा, झोप झाल्यासारखा.

"बरं वाटलं गं," तो म्हणाला. "लहानपणासारखं. तू मागं बसलीस आणि सुपाचा आवाज यायला लागला ना, मला एकदम सगळ्या खोल्या आठवल्या."

"मी कवा बसले?"

"आत्ता. तांदूळ पाखडत नव्हतीस का?"

अनुसयानं मेथीची परडी पुढं केली. "मी जेवण झाल्यापासनं गच्चीवर. सूप सैपाकघरात खिळ्याला. जा, बघून ये."

तो हसला. त्याला वाटलं म्हातारी थट्टा करते आहे.

ती स्वतःच बघायला गेली. सूप खिळ्यालाच होतं. तिनं ते काढून बोटं फिरवली, कोरडं होतं, स्वच्छ होतं. मग मागच्या खोलीच्या खिडकीशी गेली. बाहेर एसीच्या पत्र्यावर कबुतरं नखं घासत होती. खर्र, खर्र. हाच आवाज, ती म्हणाली. पोराच्या कानात जुनं बसलंय आणि पत्र्यावर कबुतरं, दुसरं काय. तिनं हाताची टाळी वाजवून कबुतरं उडवली.

कबुतरं गेल्यावर खोलीत शांत झालं. पण खोलीच्या मधोमध, खुर्चीच्या मागं, तिची चटई पसरलेली होती. ती चटई ती गच्चीवर नेते, उन्हाला बसायला. आज नेली होती की नव्हती, हे तिला, ज्या बाईला नातवाच्या बारशाला कोणतं लुगडं कुणी नेसलं होतं ते आठवतं तिला, आठवेना. तिनं चटई गुंडाळली आणि कपाटामागं उभी केली.

५

मग ती चिठ्ठी आली. चिठ्ठी म्हणजे त्या खेळ शोधणाऱ्या माणसांच्या जमावात कुणीतरी लिहिलेलं मागणं. लिहिणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. श्रेयस ते स्वयंपाकघरात घेऊन आला. सावनी पोळ्या लाटत होती, अनुसया ओट्याला टेकून उभी होती.

"ऐका. गंमत आहे. इथं सगळे गेम शोधतात, आणि हे कुणीतरी गेम खेळणारा शोधतंय." त्यानं इंग्रजीतलं वाचत वाचत मराठीत सांगितलं.

"एक मुलगा हवा आहे. नाव आठवत नाही. काळ थंडीचा, खूप वर्षांपूर्वीचा. रंग लाल, म्हणजे स्वेटर. डावी बाही चावून चावून लोंबलेली. भीती वाटली की जीभ दातांत धरायचा. आवाज सुपाचा. मुलाच्या मागं जमिनीवर एक बाई बसायची, तांदूळ निवडत. मुलाचं तोंड इकडं असलं की ती पदरानं डोळे पुसायची. मुलाला ते कधीच कळलं नाही. शेवट असा, की मुलगा जाताना येतो हां म्हणायचा. एकदा म्हणाला आणि आला नाही. कुणाला आठवतो का?"

येतो हां हे दोन शब्द मात्र मराठीच होते, इंग्रजी अक्षरांत.

सावनीनं लाटणं थांबवलं नाही. "तुझाच कुणीतरी मित्र. सगळं तूच लिहिलं होतंस ना तिथं? तेच फिरवून लिहिलंय. मस्त लिहिलंय पण."

"स्वेटरचं मी लिहिलं नव्हतं. आणि हे डोळे पुसण्याचं..." श्रेयस हसत हसत आज्जीकडं वळला आणि त्याचं हसू राहून गेलं.

अनुसयानं ओटा घट्ट धरला होता.

तो हिवाळा तिला कालच्यासारखा होता. फौज सगळी उचलून सीमेवर नेऊन ठेवलेली. संग्राम तिकडं, वाळूत. कौमुदी शाळेत. रोज दारावरची घंटा वाजली की दार उघडायला हात धजायचा नाही, कोण काय सांगायला आलं असंल. पोराला कळू नये म्हणून ती त्याच्या मागं बसायची. समोर बसली असती तर त्यानं तोंड पाहिलं असतं. हातात तांदूळ घ्यायचे, निवडलेलेच पुन्हा निवडायचे, आणि पोरगं खेळात गुंगलं की पदर डोळ्यांना लावायचा. घरात तिसरं माणूस नसायचं. तिनं हे संग्रामला सांगितलं नाही, कौमुदीला नाही, देवालासुद्धा मोठ्यानं नाही.

"तुम्ही रडायचात आज्जी?" सावनीनं विचारलं. आता लाटणं थांबलं होतं.

"रडत व्हते." अनुसया श्रेयसकडं वळली. "पर तुझी पाठ व्हती माझ्याकडं. तुला दिसणार न्हाई. कुणालाच दिसणार न्हाई. तुझं तोंड आणि माझं तोंड एका टायमाला दिसायचं तर बघणारं तुझ्या म्होरं पायजे." ती थांबली. "आणि तुझ्या म्होरं काय व्हतं?"

 तव्यावरची पोळी करपली.

६

सावनीला समजूत हवी होती, तिनं ती तयार केली. म्हातारी माणसं सगळीच रडतात, अंदाजानं लिहिलं असेल, लागला अंदाज. अनुसयानंही ती समजूत दोन दिवस वापरून पाहिली. समजुतीची चप्पल बरी होती, पण पायाला बसेना.

श्रेयसनं मात्र कसलीच समजूत करून घेतली नाही. तो गप्प झाला. उदास नव्हे, उलट. कुणीतरी आपली वाट बघत आहे हे कळल्यावर माणूस जसं आतल्या आत हलकं होतं, तसा. ती चिठ्ठी तो पुन्हा पुन्हा वाचायचा.

"उत्तर द्यायला हवं," तो एका संध्याकाळी म्हणाला. "नुसतं हो म्हणायचंय, की तो मुलगा मी."

"कशापायी?"

"इतकी वर्षं कुणी शोधतंय म्हटल्यावर, मतलब, बरं दिसत नाही ना."

"शोधणाऱ्याला सापडायलाच पायजे असा कायदा हाय व्हय?" अनुसया म्हणाली. "वाघ शेळी शोधतोय. शेळी उत्तर देत न्हाई."

सावनीला हसू आलं. श्रेयसला आलं नाही. तो उठून मागच्या खोलीत गेला, आणि जरा वेळानं आतून त्याचा आवाज आला, अगदी नेहमीचा, लाडाचा, "आज्जी, जरा सरकून बस ना. ऊन येतंय का तुझ्या डोळ्यांवर?"

अनुसया दिवाणखान्यात सावनीच्या शेजारी बसलेली होती.

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. सावनीचा हात नकळत म्हातारीच्या हातावर आला.  पुण्याच्या फ्रिजमधला वाघ आता तिलाही हसण्यासारखा वाटत नव्हता.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते झालं. कुकर झाला, भैया ओरडला, किल्ली सापडली. श्रेयस दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "येतो गं." पण तोंड स्वयंपाकघराकडं नव्हतं. मागच्या खोलीकडं होतं. जिथं अनुसया नव्हती तिथं बघून तो बोलला, क्षणभर थांबला, उत्तर मिळाल्यासारखी मान हलवली, आणि गेला.

अनुसयाच्या तोंडातलं "ये" तोंडातच राहिलं. इतकी वर्षं तिनं बांधलेली गाठ कुणीतरी दुसरीकडं ओढून नेली होती. तिला तेव्हा लख्ख कळलं, काय चाललंय ते. ती बाई दारातून उठली होती ती याला हाताला धरून न्यायला नव्हे. न्यायची गरजच काय. ती येऊन मागं बसली होती, अनुसयाच्या जागेवर, आणि पोरगं आपण होऊन तिचं होत चाललं होतं. राहिला होता फक्त त्याचा होकार.

७

संक्रांतीला जयपूर छतावर जातं. सकाळपासून भोंगे, गाणी, "वो काटा"च्या आरोळ्या, आणि आभाळात पतंगांना जागा नाही. खाली घरांत चिटपाखरू उरत नाही. सावनी शेजारणींना तिळगूळ द्यायला वर गेली होती, त्या तिला फिणी, तिकडची शेवयांसारखी मिठाई, भरवत होत्या. श्रेयस खालीच राहिला होता. "तुम्ही व्हा पुढं," म्हणाला होता.

अनुसयानं वर जरा वेळ काढला. मग तिळगुळाची वाटी घेऊन लिफ्टनं खाली आली.

दार लोटून घेतलेलं होतं. आत पाऊल टाकताच तिला सूप ऐकू आलं. दोनदा उडवायचं, तिसऱ्यांदा कडेला ओढायचं. ही पद्धत तिच्या आईची. कौमुदीला जमली नाही, सावनीला तर सूप धरताही येत नाही. दुसऱ्याच्या हातात आपला हात ऐकू यावा तसं ते होतं. कबुतरं, ती म्हणाली. पण कबुतरं आज पतंगांच्या भयानं केव्हाच पळाली होती.

मागच्या खोलीच्या दारात ती उभी राहिली. श्रेयस पाठमोरा, खुर्चीत. पडद्यावर निळं घर. त्याच्या मागं जमिनीवर कपाटामागची चटई पसरलेली, चटईवर खिळ्यावरचं सूप, सुपात तांदूळ, आणि डाव्या बाजूला निवडलेल्या खड्यांची ती घालते तशीच बारकी ओळ. चटईवर कुणी नव्हतं. ती बघत होती तोवर सूप गप्प होतं.

खेळातलं पोरगं एका खोलीतून दुसरीत शिरलं. खोली बदलताना पडदा पापणी मिटावी इतका वेळ काळा होतो. त्या काळ्यात, काचेत, अनुसयाला खोली दिसली, समोरून. श्रेयसचं तोंड, जीभ दातांत धरलेली. लांब दारात वाटी घेतलेली एक म्हातारी, म्हणजे ती स्वतः. आणि दोघांच्या मधे चटईवर कुणीतरी बसलेलं, डोक्यावर पदर, मान खाली, आणि पदराचं टोक हळूहळू डोळ्यांकडं चाललेलं.

मग पडदा निळा झाला.

पळाली असती तर कुणी नावं ठेवली नसती. वर अख्खं शहर होतं. पण अनुसयाला भीतीच्याही आधी राग आला. ते डोळे पुसणं तिचं होतं. लेक तिचा होता सीमेवर, दारावरच्या घंटेची धास्ती तिची होती. ती आसवं तिनं कुणाला दाखवली नव्हती, आणि हे कोण कुठलं, तिच्या जागेवर बसून, तिच्या हातानं, तिचं रडं रडत होतं.

ती सरळ चालत गेली. सूप उचलून बाजूला ठेवलं. आणि गुडघ्यांना शिवी देत त्याच चटईवर, त्याच जागी खाली बसली.

चटई कोमट होती. आत्ताच कुणी उठल्यासारखी.

"बसलीस ना आज्जी," श्रेयस वळून न बघता म्हणाला.

"आत्ता बसले. ह्याच्या आधी मी न्हवते."

त्याचे हात थांबले.

"त्या चिठ्ठीला काय लिवलंस?"

"लिहिलंय. पाठवलं नाही अजून." त्याचा आवाज लहान झाला होता. "तो मुलगा मी. येतो. एवढंच."

"पूस."

"आज्जी, मी शब्द दिला होता तिला. रोज द्यायचो. ती थांबलीये."

"थांबू दे. दारात थांबलेल्या परत्येकाला घरातलं माणूस काढून द्यायचं म्हटलं तर घर कशाला बांधावं. आणि शब्द कसला, नऊ वर्साच्या पोराचा? मी शिकवलेला? पोपट राम म्हणाला म्हणून त्याला कुणी देवळात बशीवत न्हाई. पूस ते, आणि तिला जातो म्हण."

श्रेयसनं तोंड उघडलं. ओठ हलले, शब्द निघेना. "नाही येत गं," तो म्हणाला. "तूच मारलं होतंस."

आणि तेवढ्यात सूप वाजलं. दोनदा उडवून, तिसऱ्यांदा कडेला. तिनं बाजूला ठेवलेलं सूप तिच्या हाताशी तसंच पडलं होतं. आवाज तिच्या मागून आला. तिच्या मानेशी, मागं बसणारीच्याही मागं कुणीतरी बसलं होतं, आणि अगदी शांतपणे पाखडत होतं, सारा जन्म हाताशी असल्यासारखं.

अनुसयानं मान वळवली नाही. वळवायची नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण आपल्या जागेवर बसलेलं माणूस मागं बघत नाही. मागं बघतं ते परक्या जागेवर बसलेलं.

"आज तिळगुळाचा दिस," ती मोठ्यानं म्हणाली. "गोड बोलावं म्हणत्यात. मी बोलणार न्हाई. ऐक. येतो म्हणायची आमच्यात रीत हाय, ती वाण्यालाबी म्हणतो आमी. रीत शिकवली मी, शब्द माझा, मी माघारी घेते. ह्यो जातो. मी जाते. आमी परत येणार न्हाई, आणि तू हितं बसायचं न्हाईस. ही जागा भरलेली हाय."

जाते. जन्मात न उच्चारलेला शब्द. भाताच्या घासात खडा लागावा तसा तो दाताखाली वाजला. तिनं तो गिळला.

मागचं सूप एकदा उडालं, दुसऱ्यांदा उडालं. तिसऱ्यांदा कडेला ओढलं गेलं नाही. वर छतावर कुणाचा तरी पतंग कापला आणि गल्लीभर "वो काटा" झालं. चटई तिच्याखाली गार पडत गेली, कडांपासून आत.

श्रेयसनं लिहिलेलं पुसलं. खेळ बंद केला. मग तो खुर्चीत वळला, आणि तिच्याकडं बघता बघता त्याची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडं गेली. त्याचा चेहरा ओल्या भिंतीसारखा झाला.

"तिकडं न्हाई," अनुसया म्हणाली. "माझ्याकडं बघ. घे, तिळगूळ घे."

त्यानं घेतला. काय दिसलं ते त्यानं कधी सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही.

८

ते तांदूळ अनुसयानं शिजवले नाहीत, गच्चीत नेऊन टाकले. जयपूरची कबुतरं काही सोडत नाहीत. हे तांदूळ मात्र होळीपर्यंत तसेच पडून होते. खेळ श्रेयसनं काढून टाकला. ती चिठ्ठी अजून तिथं आहे म्हणतात, उत्तराविना. तो आता वेळेवर जेवतो, वजन वाढलं म्हणून सावनी टोमणे मारते.

अनुसया जाते म्हणाली, पण गेली नाही. "म्हटलं म्हणून जायला मी काय पाव्हणी हाय?" असं ती स्वतःलाच म्हणते.

एकदाच चूक झाली. उन्हाळ्यात घसा धरला होता, तोंडात मिठाच्या पाण्याची गुळणी होती. श्रेयस दाराशी म्हणाला, "आज्जी, येतो गं." ती गुळणी थुंकायला मोरीकडं वळली, तेवढाच उशीर. आणि मागच्या खोलीतून उत्तर आलं.

"ये."

तिचाच आवाज. जरा जास्त मायेचा. सावनी किल्ली शोधत होती, तिनं मान वर केली नाही. तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही. श्रेयसचा हात कडीवर थिजला होता.

अनुसयानं गुळणी टाकली, पदरानं तोंड पुसलं आणि दिवाणखान्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. "थांब," ती म्हणाली. "परत म्हण. माझ्याकडं तोंड करून म्हण."

"येतो गं."

"ये," ती म्हणाली, अशी की खालच्या भैयानं वर बघितलं.

तेव्हापासून तेच. श्रेयसचं येतो पुरतं होण्याआधी तिचं ये घरभर वाजलेलं असतं, पार मागच्या खोलीपर्यंत. शेजारच्यांना वाटतं म्हातारीला ऐकू कमी येतं म्हणून ओरडते. वाटू दे. सावनीलाही तिनं शिकवून ठेवलं आहे, आपल्यानंतर हे तू म्हणायचं, आणि लगेच म्हणायचं, हातातलं टाकून.

"आणि आज्जी, राहून गेलं तर?" सावनीनं एकदा विचारलं.

"ऱ्हाऊन द्यायचं न्हाई," अनुसया म्हणाली, आणि चटई उचलून, ती आधी हातानं चाचपून, गच्चीवर उन्हाला गेली.